फोटोच्या पाठीवर

गणपतीपुळ्याच्या समुद्राचा उत्तम फोटो आज कुणालाही घरबसल्या मिळतो. काशीच्या घाटावरची पहाट, माथेरानच्या पॅनोरमा पॉइंटवरचा सूर्योदय, हंपीचा दगडी रथ, सगळं जाणत्या हातांनी आणि चांगल्या उजेडात टिपून ठेवलेलं आहे. तरीही या पुस्तकात आमच्या घरच्या माणसांनी काढलेले फोटो आहेत. त्यांतले काही हललेले आहेत, काहींत क्षितिज कललेलं आहे, आणि बहुतेकांत जे पाहायला म्हणून गेलो ते स्थळ माणसांच्या मागे झाकलं गेलं आहे. हंपीचा रथ आत्याच्या खांद्यामागून जेमतेम एका चाकापुरता दिसतो. रथ पुन्हा जाऊन पाहता येईल. त्या दिवशीची आत्या, उन्हाने लाल झालेली, हातात चपला घेऊन उभी असलेली, या एका कागदाखेरीज कुठेही नाही.

प्रत्येक फोटोखाली एक नोंद आहे. काही नोंदी त्याच रात्री लॉजवर बसून लिहिलेल्या, काही फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने खरडलेल्या, काही कित्येक वर्षांनी कुणीतरी सांगितल्या आणि दुसऱ्या कुणीतरी उतरवून घेतल्या. घरच्या माणसांबरोबर केलेल्या प्रवासातून शेवटी हाती राहते ती त्यांची सोबत. ती फोटोत अर्धीमुर्धीच उतरते, बाकीची लिहून ठेवावी लागते. पुस्तकामागचा विचार एवढाच आहे. पण तो मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून ही प्रस्तावना जरा लांबली तरी वाचकांनी सांभाळून घ्यावं.

प्रवासाला कोण कोणाबरोबर गेलं हे लिहून ठेवायची रीत आपल्याकडे कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीची आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया इथल्या क्षेत्रोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या असतात. आपण जाऊन आडनाव आणि मूळ गाव सांगायचं. मग आतल्या खोलीतून कापडात बांधलेलं एक बाड येतं, गाठ सुटते, पानं उलटली जातात, आणि आपल्या पणजोबांची सही समोर येते. आमच्या घराण्याची अशी नोंद मी नाशकात पहिल्यांदा पाहिली तेव्हा बराच वेळ काही बोलता आलं नाही. कोण आलं, कोणाचा मुलगा, कोणाचा नातू, कोणत्या गावचा, बरोबर आई, धाकटा भाऊ, भावजय, आणि खाली मोडी वळणाची सही. गोदावरीबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. काळ्या दगडातलं काळाराम मंदिर, रामकुंडावरची गर्दी, ऊन की पाऊस, यातलं काहीच नव्हतं. ज्याने सही केली त्याला नदी पुढच्या पिढीसाठी लिहून ठेवावीशी वाटली नसावी, ती तिथे असणारच होती. बरोबर आलेली माणसं मात्र राहणार नव्हती, म्हणून त्यांची नावं लिहिली गेली.

प्रवासातलं घरच्यांबरोबर वाटून घ्यायची रीतही अशीच जुनी. काशीहून परतलेला माणूस मावंदं घालत असे. गंगेचं पूजन होई, नातेवाईक आणि शेजारी जेवायला येत, प्रत्येकाच्या हातावर तीर्थ पडे, मनगटाला काळभैरवाचा काळा दोरा बांधला जाई. त्या जेवणावळीत यात्रेची हकिगत सांगितली जायची. पंगत उठल्यावर म्हाताऱ्या बायका सुपारी कातरत ऐकायच्या आणि मधूनच विचारायच्या, घाटाच्या पायऱ्या चढताना तुमच्या सासूबाईंना धाप लागली का, रेल्वेत सोवळ्याचं कसं केलंत, मुलगी रडली का. मंदिराच्या शिखराविषयी फार कुणी विचारत नसे. माझ्या लहानपणी घरात झालेलं असं एक मावंदं मला आठवतं, आणि आजही देवघरात तांब्याची एक सीलबंद लोटी आहे. आज आपण गाडी स्टेशनात शिरायच्या आतच फोटो पाठवून मोकळे होतो. ते चांगलंच आहे, दूर असलेल्या आईला त्या क्षणी बरं वाटतं. पण पंगतीनंतरच्या त्या प्रश्नांना जी जागा होती, ती पाठवलेल्या फोटोंना आपोआप मिळत नाही. ती आपण करून द्यावी लागते.

मराठीतल्या प्रवासलेखनाकडे पाहतानाही मला हेच दिसतं. विष्णुभट गोडसे १८५७ साली पेणजवळच्या वरसईहून निघाले ते घरावरचं कर्ज फिटावं म्हणून, बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने. बरोबर काका होते. वाटेत बंडाच्या वणव्यात सापडले, झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला, मिळवलेलं वाटेत लुटलं गेलं. शेवटी घरी आले ते आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन. ‘माझा प्रवास’ हे त्यांचं पुस्तक चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलं. इतिहासकार ते झाशीसाठी वाचतात, आणि वाचायलाच हवं. मी मात्र प्रत्येक वाचनात त्या काका-पुतण्यांच्या मागे चालत जातो. कुठे पाणी मिळालं नाही, कुठे कोणी आसरा दिला, पुढे जावं की माघारी फिरावं यावर दोघांचं काय ठरलं. इतका मोठा उत्पात डोळ्यांसमोर घडत असताना तहान, भूक आणि काकांची काळजी लिहायची राहिली नाही, म्हणून तो प्रवास आजही आपल्याला जवळचा वाटतो.

आमच्या घरात कॅमेरा आला तो अग्फाचा क्लिक थ्री. एका रोलमध्ये बारा फोटो. रोल बहुधा काळापांढरा असे, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ मिळाला तर तो. बारा म्हणजे बारा, त्यामुळे सहलीला निघण्याआधीच वाटणी ठरलेली असे: देवळासमोर सगळे मिळून एक, आजी-आजोबांचा एक, मुलांचा एक, आणि घरी परतल्यावर शेजारच्या बारशासाठी दोन शिल्लक ठेवायचे. रोल संपल्याशिवाय धुवायला टाकत नसत, म्हणून दिवाळीतल्या माथेरानचे फोटो कधीकधी संक्रांतीनंतर हाती येत. एवढा काळ गेल्यावर ते पाहताना सहल नव्याने घडायची.

त्या कॅमेऱ्याने माणसांना उभं राहायला शिकवलं. जवळून काढलं तर चेहरा अस्पष्ट येई, म्हणून बाबा पाचसात पावलं मागे सरकत. उजेड भरपूर लागे, म्हणून सूर्य काढणाऱ्याच्या पाठीशी आणि उभ्या असलेल्यांच्या तोंडावर. त्या काळच्या घरोघरच्या फोटोंत सगळी माणसं डोळे बारीक करून, थोडी कडक होऊन उभी दिसतात, त्याचं हे कारण. माझ्या मुलीने एकदा विचारलं होतं की आजी सगळ्या फोटोंत रागावलेली का आहे. ती रागावलेली नव्हती, तिच्या डोळ्यांवर ऊन येत होतं. हे मी त्या फोटोखाली लिहिलं आहे, कारण मी लिहिलं नाही तर पुढच्या पिढीसाठी आजी रागीटच राहील.

माथेरानच्या फोटोंपाशी थोडं थांबतो. नेरळहून वर जाणारी दोन फुटी रुळांची गाडी १९०७ साली सुरू झाली. मोटारी आजही दस्तुरी नाक्यापाशी थांबतात. आमच्या वेळी त्यापुढे पायी, घोड्यावर किंवा हातरिक्षाने जावं लागे. लाल माती कपड्यांना, बुटांना, मुलांच्या केसांना लागते आणि घरी आल्यावरही दोन धुण्यांत जात नाही. आमच्याकडचे माथेरानचे फोटो काळेपांढरे आहेत. त्यात ती माती राखाडी दिसते. आईच्या नोंदीत मात्र ती लाल आहे, कारण तिने लिहून ठेवलं आहे की धाकट्याचा पांढरा सदरा त्या दिवसानंतर कायमचा गुलाबी झाला आणि पुढे दोन वर्षं त्याने हट्टाने तोच घातला. फोटोत सदरा आहे. रंग आणि हट्ट आईमुळे राहिले.

पण नोंद नसेल तर काय होतं, हे सांगणारा सर्वांत बोलका फोटो पंढरपूरचा आहे. यात्रेच्या गावांत पूर्वी फोटोचे स्टुडिओ असत, रंगवलेल्या पडद्यावर विठ्ठल-रखुमाई आणि पुढे हात जोडून उभी कुटुंबं. ज्याला गर्दीत देवाचं दर्शन नीट झालं नाही त्यालाही त्या पडद्यापुढे देवाशेजारी उभं राहता येई. माझ्या मते या फोटोंएवढी भाविक छायाचित्रं आपल्याकडे फार थोडी आहेत. आमच्या फोटोत पाच माणसं आहेत. चौघांना ओळखणारं कुणी ना कुणी घरात होतं. डावीकडून दुसरी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, एका हातात तुळशीची माळ घेतलेली बाई कोण, हे आज कुणालाही सांगता येत नाही. पणजीची बहीण असेल, वारीत भेटलेली मैत्रीण असेल. ती इतकी जवळ उभी आहे की पणजीचा हात तिच्या दंडावर आहे. फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का आहे, आणि बाकी जागा कोरी. हा फोटो आम्ही मुद्दाम मोठा छापला आहे.

हरिहरेश्वरचं उदाहरण याच्या अगदी उलट. तिथे देवळामागून पायऱ्या उतरून दोन कड्यांच्या फटीतून खाली यायचं आणि समुद्राच्या कडेने खडकावरून प्रदक्षिणा करायची. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने खडक कोरून जाळीदार केला आहे. ही वाट ओहोटीलाच मोकळी असते. भरतीत तिथे जाणं जिवावर बेतू शकतं, आणि बेतलेलंही आहे. आमच्या फोटोत सगळे त्या खडकावर ओळीने उभे आहेत, मागे पाणी, पुढे सावल्या. फोटो म्हणून त्यात विशेष काही नाही. नोंद आहे ती त्याआधीच्या तासांची. आम्ही पोचलो तेव्हा भरती होती. दुपारपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता, म्हणून सगळे देवळाच्या ओसरीवर बसलो, डब्यातल्या दशम्या निघाल्या, आणि पाण्याकडे पाहत आजोबांनी प्रथमच त्यांच्या थोरल्या भावाविषयी सांगितलं. तो भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या बोटींवर कामाला होता. बोट अनेक बंदरांत किनाऱ्याला लागत नसे. खोल पाण्यात उभी राही आणि पडाव येऊन उतारूंना घेऊन जात. म्हाताऱ्यांना, लेकुरवाळ्यांना हात देऊन हलत्या पडावात उतरवायचं काम त्याच्याकडे असे. पावसाळ्यात बोटी बंद, मग तो चार महिने घरी. आजोबांना पोहायला त्याने शिकवलं होतं. तो अकाली गेल्यावर आजोबा पुन्हा कधी समुद्रात उतरले नव्हते. हे आजीलाही माहीत नव्हतं.

मग ओहोटी लागली, सगळे खाली उतरले आणि कुणीतरी फोटो काढला. त्यात आजोबा कडेला आहेत, धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं, पाय पाण्यात. नोंद वाचली नाही तर त्या पायांकडे लक्ष जाणार नाही.

फोटो काढणारा माणूस फोटोत नसतो, हीही घरच्या अल्बमांची एक मोठी उणीव आहे. आमच्याकडे बाबा वर्षानुवर्षं नाहीतच. त्यांची सावली काही फोटोंत जमिनीवर पडलेली दिसते, तेवढीच. बाबा सापडले ते आजीच्या हिशेबाच्या वहीत. आजी प्रत्येक सहलीचा खर्च लिहीत असे आणि शेजारी कारणही लिहीत असे. टांगा, केळी, नारळ, देवळात दक्षिणा, आणि मग “भास्कराने त्या पोराला चहा पाजला”. भास्कर हे बाबांचं घरातलं नाव. कोणतं पोर, कुठला चहा, हे विचारायला आता कोणी नाही. तरी त्या एका ओळीत बाबा जितके स्पष्ट दिसतात तितके कुठल्याही फोटोत दिसले नसते. म्हणून आम्ही त्या वहीची काही पानं जशीच्या तशी इथे घेतली आहेत. प्रवासवर्णन लिहिण्याचा तिचा विचारही नव्हता, आणि माझ्या मते या पुस्तकातलं सर्वोत्तम प्रवासवर्णन तिचंच आहे.

मोबाइल आल्यावर रोलची मोजदाद संपली. फोटोंचा पूर आला अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते, मला ती पुरती पटत नाही. मोबाइलमुळे आमच्या घरातल्या बायकांच्या हाती कॅमेरा आला. त्याआधी तो पुरुषांच्या गळ्यात असे. काकूने काढलेल्या फोटोंत मला पहिल्यांदा स्वयंपाकघरं दिसली: रत्नागिरीजवळच्या घरगुती खानावळीतली, काशीत ब्रह्मघाटाच्या बाजूच्या एका मराठी घरातली. जेवताना बोलणारी माणसं दिसली, पाठमोरी माणसं दिसली, झोपलेली माणसं दिसली. पूर्वी झोपलेल्या माणसावर बारातला एक फोटो कुणी खर्च केला नसता. मोबाइल तारीख, वेळ आणि जागा आपणहून टिपतो, हाही मोठा फायदा. त्याला पाठ मात्र नाही. पेन्सिलीने लिहायला जागा नाही, आणि गटात पाठवलेल्या फोटोखालचे हसरे चेहरे आणि अंगठे काही वर्षांनी काहीच सांगत नाहीत.

काही गोष्टींचा तर फोटो निघूच शकत नाही. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि आमचं गावी जाणं बदललं. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. गाडी आत शिरली की खिडकी काळी होते, आवाज वाढतो, पुस्तक वाचणारे डोकं वर काढतात, आणि डब्यातली माणसं काही मिनिटं एकमेकांकडे पाहतात. आमच्या बहिणीने लग्नाचं मनात ठरवलं असल्याचं आईला सांगितलं ते त्या बोगद्यात. बाहेर येईपर्यंत आई काहीच बोलली नाही, उजेड आल्यावर तिने डबा उघडून बहिणीच्या हातावर लाडू ठेवला. या प्रसंगाच्या पानावर फोटो नाही, नुसती नोंद आहे, आणि बहिणीने ती स्वतः लिहिली आहे.

ज्यांना आपल्या घरी असं काही करावंसं वाटेल त्यांच्यासाठी कामातून कळलेल्या चार गोष्टी सांगतो. जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोंच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, हात हलका ठेवून लिहावं. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. नंतरच्या चकचकीत रंगीत फोटोंच्या गुळगुळीत पाठीवर पेन्सिल उठत नाही, तिथे वेगळ्या कागदावर लिहून तो कागद फोटोबरोबर ठेवावा. प्लॅस्टिकचा पापुद्रा उचलून फोटो चिकटवायचे जे अल्बम एके काळी घरोघरी होते, त्यांतला चिकटा कागदाला पिवळा करतो. फोटो सुटत असतील तर हळूच काढून घ्यावेत. काळ्या कागदाचे, कोपऱ्यांत फोटो अडकवायचे जुने अल्बम याहून कितीतरी बरे. रंगीत फोटो फिकट होत लालसर पडतात, आमच्याकडचे तर गणपतीपुळ्याचे फोटो काळ्यापांढऱ्या माथेरानच्या मानाने फारच लवकर उतरले. निगेटिव्ह टाकू नयेत. नोंद लिहिताना “काकू”, “मामी” एवढंच न लिहिता पूर्ण नाव लिहावं, कारण प्रत्येक पिढीची काकू वेगळी असते. आणि काय लिहावं हे सुचत नसेल तर कोण काय बोललं ते लिहावं. दृश्य फोटोत असतंच, बोलणं हवेत विरतं.

सगळंच इथे घेतलेलं नाही. आजारपणातल्या शेवटच्या यात्रेचे काही फोटो आम्ही एकमताने बाजूला ठेवले. ज्यांना आपलं नाव नको होतं त्यांचा उल्लेख नात्यानेच केला आहे, घरच्या प्रतींत नावं आहेत. अनोळखी माणसं ठळक दिसतात असे फोटो गाळले, पंढरपूरचा सोडून. क्रम सालाचा लावलेला नाही. एका स्थळी वेगवेगळ्या काळात गेलेल्या पिढ्या शेजारी ठेवल्या आहेत, त्यामुळे हरिहरेश्वरच्या खडकावर आजोबा आणि त्यांचे पणतू समोरासमोरच्या पानांवर येतात. जिथे दोन माणसांच्या आठवणी जुळल्या नाहीत तिथे दोन्ही छापल्या. मुरुडच्या किनाऱ्यावर छत्री कुणाची उडाली यावर आई आणि आत्या यांचं अजून एकमत नाही, आणि दोघींच्या नोंदी एकाच फोटोखाली आहेत.

शेवटचा भाग मुलांनी केला आहे. त्यांच्या नोंदींतलं शुद्धलेखन आम्ही बदललं नाही. मूळ फोटो आणि निगेटिव्ह आता आत्याच्या घरी, कोरड्या कपाटात आहेत, आणि ज्याला पाहायचे असतील त्याने आधी फोन करून जेवायच्या वेळेला यावं असा तिचा निरोप आहे.